स्मोलांडची उत्तरपत्रिका

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१२ जून १९६७

चंद्रमौळी,

आशीर्वाद आहेतच, ते लिहून हवाई पत्राचं वजन वाढवत नाही.

तीन महिन्यांत तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलंस, "सुखरूप पोचलो, इथे थंडी आहे." दुसऱ्यात लिहिलंस, "सुखरूप आहे, थंडी कमी झाली." वा रे पठ्ठ्या! छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाचा पुतण्या, चार वर्षांचा असल्यापासून माझ्या घरात नकाशांवर लोळलेला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून हवामान खात्याची तार पाठवतो. मधल्या समुद्रांना, डोंगरांना काही नावं होती की आगबोटीत झोपूनच होतास?

इकडे रोज संध्याकाळी तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, शेजारचा नारायणस्वामी येऊन बसतो. रोज विचारतो, "गुरुराज, तुझा पोरगा स्वित्झर्लंडमध्ये बरा आहे ना?" मी रोज सांगतो, स्वित्झर्लंड नव्हे, स्वीडन, स्वीडनचा दक्षिण भाग, स्मोलांड, तिथे काचेच्या कारखान्यात अठरा महिन्यांचं शिक्षण घ्यायला गेला आहे. तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वित्झर्लंड. शेवटी मी जाहीर केलंय की आपल्या तंजावरी मराठी समाजाच्या हॉलमध्ये स्मोलांडवर माझं व्याख्यान होईल. आता माझी अब्रू तुझ्या हाती आहे.

माझ्याकडे १८८९ साली लंडनला छापलेलं भूगोलाचं पुस्तक आहे, त्यात स्मोलांडला साडेचार ओळी दिल्यात. "जमीन खडकाळ, लोक दरिद्री, दुष्काळात झाडाची साल दळून भाकरीत घालतात, तरुण अमेरिकेस पळून जातात." मी हे वाचून दाखवल्यावर तुझ्या काकूने जेवणच सोडलं. म्हणाली, "अय्यो, पोराला साल खायला पाठवलंत!" सोबत डाळीची परुप्पु-पोडी, लिंबाचं लोणचं आणि अप्पळम पापड पाठवतो आहे. सालीबरोबर खा.

तर ही प्रश्नपत्रिका. एक, भूवर्णन. दोन, इतिहास. तीन, उद्योगधंदे. चार, संस्कृती. पाच, परत केव्हा येणार. प्रत्येकी वीस गुण. पाचवा प्रश्न सक्तीचा आहे. उत्तरं तपासून परत पाठवीन, तुला सवय आहेच.

माडीवरची तुझी खोली रिकामी आहे. गल्लीतल्या भाड्याच्या मॅन्शनमध्ये एकेका खोलीत चार-चार ब्रह्मचारी कोंबलेत, आठवड्याला दोन जण विचारायला येतात. काकू त्यांना दारातूनच "वेंडाम, नको" म्हणून घालवते आणि तुझी गादी उन्हात टाकते. कापूस खूश आहे.

गुरुराज, परीक्षक

—

स्मोलांड
१० सप्टेंबर १९६७

काका,

तुमच्या आणि काकूंच्या पायांवर डोकं ठेवतो. पोडी पोचली. अप्पळमचा भुगा पोचला. तोही खाल्ला.

उत्तरपत्रिका उशिरा देतो आहे, दोन गुण कापालच.

भूवर्णन: दगड. काका, खरंच, बाकी लिहिण्यासारखं फार नाही. जंगल आहे, सूचिपर्णी झाडांचं. तळी इतकी की मोजता मोजता माणूस कंटाळेल. आणि उरलेल्या जागेत दगड. इथले लोक म्हणतात दगड उगवतात. मी हसलो तर मला शेतात नेऊन दाखवलं. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, खालचे दगड वर ढकलते आणि वसंतात कालच्या साफ शेतात नवे दगड येऊन बसलेले असतात. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ते वेचून शेताभोवती रचत आलेत. मैलोन्‌मैल दगडी बांध आहेत. पिकापेक्षा कुंपण मोठं.

उद्योगधंदे: शेतीने पोट भरेना म्हणून माणसं जंगलाकडे वळली. लाकूड होतं, म्हणून भट्ट्या पेटल्या. भट्ट्या होत्या, म्हणून काच आली. दोनशे वर्षांहून जुनी काचघरं आहेत. उत्तरेला मोठ्या तळ्याकाठी योनशोपिंग गाव आहे, तिथल्या काडेपेट्या जगभर गेल्या. काकूंच्या लहानपणी तंजावरच्या चुलीसुद्धा त्यांनीच पेटल्या असतील. त्या काडीची गंमत अशी की ती फक्त स्वतःच्या पेटीवरच पेटते.

संस्कृती: गेल्या रविवारी, तीन तारखेला, या देशाने रस्त्याची बाजू बदलली. इतकी वर्षं आपल्यासारखेच डावीकडून चालत. पहाटे पाचला सगळ्या गाड्या थांबल्या, हळूच उजवीकडे सरकल्या आणि चालू लागल्या. ना भोंगा, ना भांडण. मी थंडीत उभा राहून बघितलं. एक म्हातारा सायकलवाला चुकला, तर त्याने स्वतःचीच माफी मागितली.

साल कोणी खात नाही, काका. तुमचं पुस्तक ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे. इथे घरोघर फ्रिज आहे. दूध फाडून, बदाम घालून, भट्टीत भाजलेला एक गोड पदार्थ करतात, आपल्या खरवसाच्या वळणाचा. लुंडग्रेनबाईंनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, खाऊ घातला. त्यांच्या माळ्यावर मी राहतो.

इतिहासाचं वाचन चालू आहे. पाचवा प्रश्न: पुढच्या वर्षी, शिक्षण संपलं की.

तुमचा,
चंद्रमौळी

—

तिरुवल्लिकेणी
२ ऑक्टोबर १९६७

चंद्रमौळी,

तपासलेली उत्तरपत्रिका सोबत आहे. लाल शाई जास्त वाटली तर डोळ्यांना पाणी लाव.

भूवर्णन: वीसपैकी चौदा. दगडांचं वर्णन बरं आहे, पण अक्षांश-रेखांश कुठे? "मोजता मोजता कंटाळेल" हे भूगोलात बसत नाही, तळ्यांना संख्या असते. इतिहास: कोरा. शून्य. उद्योगधंदे: सोळा. काडी फक्त स्वतःच्या पेटीवर पेटते, हे वाचून नारायणस्वामी म्हणाला, "पतिव्रता काडी." तुझं वाक्य त्याला आवडलं म्हणून एक गुण कापला.

संस्कृती: तेरा. अख्खा देश एका सकाळी डावीकडून उजवीकडे गेला आणि भोंगा वाजला नाही, असं मी सभेत सांगू? आपल्या हायरोडवर एक म्हैस डावीकडून उजवीकडे गेली तर तीन बसगाड्या, दोन पोलीस आणि एक सभा लागते. मला खोटारडा म्हणतील. तरी पेपरात बातमी आली होती म्हणून गुण दिले.

साल कोणी खात नाही हा तुझा दावा मी पुस्तकाशी ताडून पाहिला. पुस्तकात खातात. छापील मजकूर आणि तू यांत कोणावर विश्वास ठेवायचा हे मी अजून ठरवलेलं नाही.

ते दूध कशाने फाडतात, हे लिहायचं टाळलंस. मला ठाऊक आहे कशाने फाडतात, वासराच्या जठरातल्या रसाने. मी भूगोलाबरोबर थोडं विज्ञानही शिकवलं आहे. काकूला सांगितलं, लिंबाने. आता त्या बर्फात लिंबू कुठून येतं हे तिने विचारलं, तर तू निस्तर.

पाचवा प्रश्न: वीसपैकी पाच. "पुढच्या वर्षी" ही तारीख नव्हे. वर्षाला तीनशेपासष्ट दिवस असतात, त्यातला एक निवड. काकूने भिंतीवर नवीन कॅलेंडर लावलंय, त्यावर खूण करायला पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.

एकूण अठ्ठेचाळीस, पण सक्तीच्या प्रश्नात पाचच, म्हणून नापास. पुन्हा बसावं.

गुरुराज

—

स्मोलांड
१९ मे १९६८

काका,

साष्टांग दंडवत. आठ महिने लिहिलं नाही, त्याबद्दल काय ती शिक्षा करा. हिवाळा कठीण होता, भट्टीवर काम खूप होतं. मोठ्या कारागिरांनी मला खुर्चीवर बसू दिलं. ज्या बाकावर बसून काच फुंकतात त्याला इथे खुर्ची म्हणतात आणि परक्याला ती सहसा मिळत नाही. पहिला पेला मी फुंकला तेव्हा तो वाकडा झाला. म्हातारा म्हणाला, वाकडा आहे पण उभा राहतो.

इतिहास लिहितो, शून्य पुसा. तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत स्मोलांडच्या दक्षिणेचा मुलूख डेन्मार्कचा होता. म्हणजे हे सरहद्दीचे लोक. दोन राजे सारखे लढत आणि घरं जळत ती यांची. तेव्हा दोन्हीकडच्या गावांनी आपसांत तह केले. राजे लढू देत, आपण लढायचं नाही. फौज येतेय असं कळलं की पलीकडच्या गावाला निरोप द्यायचा. बैल आणि लोणी सरहद्दीपलीकडे विकायचं, राजाने मनाई केली तरी. १५४२ साली तर राजाविरुद्ध बंडच केलं. हरले, पण अजून त्या बंडाविषयी बोलताना मान ताठ होते.

आणि संस्कृती, नीट लिहितो. गेल्या शतकात आणि या शतकाच्या आरंभीही इथून अमेरिकेला माणसं लोटली. शेताच्या तुकड्याचे तुकडे झाले, दुष्काळ आला, तुमच्या पुस्तकातली साल तेव्हाची. तुमचं पुस्तक खोटं नव्हतं, मी उगाच बोललो. काही घरांतून सगळीच मुलं गेली. लुंडग्रेनबाई आता चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांचा भाऊ आल्फ्रेड मिनेसोटाला गेला. वय एकोणीस. त्याची पत्रं बाईंनी बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत, अठ्ठावीस पत्रं. मला वाचून दाखवली, मला आता बरंच कळतं. गहू किती झाला, घोडा कसा मेला, चर्च कुणी बांधलं, सगळं आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच, "पुढच्या वर्षी नक्की येतो." त्याचे लाकडी बूट आईने दाराशी तसेच ठेवले होते. इथे शेतात लाकडी बूट घालतात. दर शनिवारी ती ते पुसायची. पंचवीस वर्षं. मग ती गेली.

तुमच्या व्याख्यानात हे घाला, लोक ऐकतील.

बाईंनी मला घरामागे थोडी जमीन दिली आहे. दगड वेचून बटाटे लावले आणि सफरचंदाचं एक रोप लावलं. पाच-सहा वर्षांत फळ धरेल म्हणतात.

शिक्षण थोडं लांबलंय. पाचवा प्रश्न: पुढच्या वर्षी, बहुतेक पोंगलनंतर.

चंद्रमौळी

—

तिरुवल्लिकेणी
८ जून १९६८

चंद्रमौळी,

गुण आधी सांगतो, म्हणजे बाकीचं वाचताना चित्त थाऱ्यावर राहील. इतिहास: एकोणीस. संस्कृती: वीसपैकी वीस. छत्तीस वर्षांत हे मी दोनदाच दिलेत, आणि पहिला मुलगा पुढे जिल्हाधिकारी झाला.

सरहद्दीवरच्या गावांचा तह मी नारायणस्वामीला वाचून दाखवला. तुला माहीत आहे, विहिरीच्या भिंतीवरून आमचं अकरा वर्षं भांडण आहे. तिण्णैवर बोलतो, भिंतीवर बोलत नाही. पण त्याची बायको धनलक्ष्मी आणि तुझी काकू त्याच भिंतीवरून कढीपत्ता आणि ताक रोज देत-घेत असतात. म्हणजे तुझे स्मोलांडचे शेतकरी आमच्या परसातच आहेत आणि आम्ही दोघे मूर्ख राजे.

व्याख्यान झालं. एकवीस माणसं आली, त्यांतली सहा पंख्याखाली बसायला. बुटांचं सांगितलं तेव्हा पंख्याखालचीसुद्धा जागी होती.

आता पाचवा प्रश्न. मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यात. पोरगं कॉपी कुठून करतं, कुठे गाळतं, कुठे पानं भरतं, ते मला शाई बघून कळतं. तुझं शिक्षण सप्टेंबरात संपतं. सफरचंद पाच-सहा वर्षांनी येतं. मधली चार-पाच वर्षं त्या झाडाला पाणी कोण घालणार, आल्फ्रेड? परक्याला खुर्ची देत नाहीत म्हणतोस आणि तुला दिली. "मला आता बरंच कळतं" म्हणतोस. अठरा महिन्यांसाठी गेलेला माणूस म्हातारीची जुनी पत्रं वाचण्याइतकी भाषा शिकत नाही, कामापुरती शिकतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

आणि सर्वांत कमाल म्हणजे एका म्हातारीच्या भावाने अठ्ठावीस पत्रांत "पुढच्या वर्षी" लिहिलं, हे मला डोळ्यांत पाणी आणून सांगतोस आणि त्याच कागदावर, आठ ओळी खाली, स्वतः तेच लिहितोस. हे तुझ्या ध्यानात आलं नसेल तर तू गाढव आहेस. आलं असेल तर नाहीस, पण मग भित्रा आहेस.

मी तुला हक्काने बोलवायचं तर कुठल्या तोंडाने? आपले पूर्वज स्वारीबरोबर तंजावरला आले. घोड्यांची खोगिरं काढली नव्हती, काम झालं की परत निघायचं होतं. त्याला आता दोनशे नव्वदहून जास्त वर्षं झाली. तिकडे महाराष्ट्रातल्या गावी कोणाच्या आईने दाराशी काय ठेवलं होतं, कोणी लिहून ठेवलेलं नाही. तेव्हा शहाणपणा सांगायचा मला हक्क नाही. पण खरं ऐकायचा आहे.

पत्र मी काकूला पूर्ण वाचून दाखवलं. झाडाचं गाळणार होतो, पण तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून "पुढे वाचा" म्हटलं. ऐकून उठली. रसम फोडणीला टाकलं आणि मग विचारलं, "ती आई गेल्यावर ते बूट कोणी उचलले?" तेवढं बाईंना विचारून कळव.

उत्तर एका ओळीत द्यावं. पानं भरू नयेत.

काका

—

स्मोलांड
३० जून १९६८

काका,

एका ओळीत: मी परत येणार नाही.

पुढच्या ओळींचे गुण देऊ नका, पण वाचा. फेब्रुवारीत मला इथे कायमची जागा दिली आणि मी सही केली. त्या दिवसापासून तुम्हाला चार पत्रं लिहिली आणि चारही भट्टीत टाकली. सांगायला शब्द नव्हते असं नाही. एक वाक्य होतं, तेच लिहवत नव्हतं. मद्रासला बाटल्यांच्या कारखान्यात मी यंत्राची मूठ दाबत होतो. इथे माझ्या श्वासातून पेला होतो. हे तुम्हाला समजेल हे मला माहीत होतं. म्हणूनच जास्त लाज वाटली. तुम्ही समजूतदार नसता तर भांडून मोकळा झालो असतो.

१९७० साली रजेवर येईन. महिनाभर. तिकीट काढलेलं नाही, म्हणून "नक्की" म्हणत नाही.

मी आल्फ्रेडची पत्रं वाचली तेव्हा काही ध्यानात आलं नव्हतं, काका. तुमचं पत्र आल्यावर आलं. म्हणजे गाढव धरा, भित्रा नको. पण तेही खरं नाही. दोन्ही धरा.

काकूंना सांगा, बाईंना विचारलं. आई गेल्यावर बूट त्यांनी स्वतः उचलले आणि घातले. म्हणाल्या, चांगले बूट होते, नुसते पुसत किती दिवस बसायचं? बटाट्याच्या शेतात वीस वर्षं तेच वापरले. आणि एक गोष्ट मी मागच्या पत्रात गाळली होती. बटाटे लावायला मी चामड्याचे जोडे घालून गेलो, तर बाई हसल्या आणि कोठीतून ते बूट आणून दिले. आता माझ्याकडेच आहेत.

माझ्यावर रागवा, पण लिहीत राहा.

चंद्रमौळी

—

तिरुवल्लिकेणी
२१ जुलै १९६८

चिरंजीव चंद्रमौळी,

पाचवा प्रश्न: वीसपैकी वीस. उत्तर मला आवडलं नाही. पण परीक्षकाला आवडनिवड नसते, नाहीतर निम्मं मद्रास नापास झालं असतं. वर्ष संपून गेल्यावर उत्तर दिलंस, त्याचे गुण कापणार होतो. काकू शेजारी बसली होती, म्हणून नाही कापले. एकूण पुन्हा मांडत बसत नाही. पास झालास.

रागावलो होतो. खोटं कशाला सांगू? चार दिवस तिण्णैवर गेलो नाही. पाचव्या दिवशी नारायणस्वामी आत आला आणि म्हणाला, "गुरुराज, स्वीडनचं काय?" स्वीडन म्हणाला! वर्षभर घसा फोडला तेव्हा कळलं नाही, आता कळलं. मी सांगितलं, पोरगा तिकडेच राहणार. तो म्हणाला, विहिरीची भिंत ऑक्टोबरातल्या पावसाळ्याआधी दोघांनी मिळून बांधून काढू. हे तुझ्यामुळे झालं असं मानू नकोस. पण झालं.

तुझी खोली दिली. रविकांत नावाचा मुलगा आहे, सोलापूरचा, रेल्वेच्या कचेरीत लागला आहे. मॅन्शनमध्ये ढेकणांनी फोडला होता, म्हणून विचारायला आला. मी "वेंडाम" म्हणायला तोंड उघडलं, तर काकू म्हणाली, "गादी आत्ताच उन्हातून काढली आहे, गरम असेल, थोड्या वेळाने झोप." झालं, संपलं. मला कोण विचारतो?

मराठी तो शुद्ध बोलतो, छापल्यासारखी. आमची मराठी ऐकून म्हणतो, "काका, तुम्ही बखरीतून बोलता." मी म्हटलं, बाळा, आम्ही निघालो तेव्हा मराठी अशीच होती, बदललात तुम्ही, आणि कळवलंही नाहीत.

परवा तो पोस्टकार्ड घेऊन माझ्यासमोर बसला. आईने विचारलंय, बदली करून घरी केव्हा येतोस. त्याला इथलं काम आवडतंय, समुद्र आवडतोय, काकूची सांबार-पोडी तर फारच. मला म्हणाला, "काका, काय लिहू? पुढच्या वर्षी येतो असं लिहितो." मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. तुझ्या आल्फ्रेडची गोष्ट सांगितली, अठ्ठावीस पत्रांसकट. मग मी त्याला माझी प्रश्नपत्रिका दिली आणि सांगितलं, पहिले चार प्रश्न सावकाश सोडव, मद्रास कुठे पळत नाही. पाचवा आधी लिही, आणि खरा लिही. तुझ्या आईला कॅलेंडर टांगून ठेवावं लागू नये.

आमचं कॅलेंडर काकूने काढलं. पेन्सिल ठेवली आहे, वाण्याची यादी करायला लागते.

सफरचंद धरलं की कळव. किती आली, केवढी आली, नीट मोजून. "खूप" लिहिलंस तर गुण कापीन. आणि अक्षांश-रेखांश अजून आलेले नाहीत.

काकूने विचारलंय, ते लाकडी बूट पायाला लागतात का. लागत असतील तर टाचेशी थोडा कापूस घाल. तुझ्या गादीतला मूठभर काढून तिने या पाकिटात घातला आहे, वजन वाढलं तरी.

तुझा काका